इंग्रजीच्या एम्. ए. ची दुसरी वाट

१९१३ सालीं कलकत्ता विद्यापीठाच्या एम्. ए. च्या परीक्षेंत इंग्रजी विषय घेऊन सुनीतिकुमार चट्टोपाध्याय नांवाचा एक तरुण विद्यार्थी पहिला आला. इंग्रजीचा एम्. ए. म्हटला म्हणजे शेक्सपीअरचीं नाटकें, मिल्टनचें महाकाव्य आणि वर्ड्स्वर्थच्या कविता यांचें पारायण केलेला मनुष्य, असेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. या विद्यार्थ्याचें मन मात्र दुसरीकडेच रमलें होतें. हजार वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील लोक कसे बोलत, त्यांच्या तोंडचे वर्ण पुढें कसे पालटले, नामांचे प्रत्यय कोठें झडून गेले, याच विषयानें त्याला वेड लावलें होतें. या अभ्यासाच्या जोरावर त्यानें पुढें १९२६ सालीं बंगाली भाषेच्या उत्पत्तीचा व विकासाचा जो द्विखंडात्मक इतिहास प्रसिद्ध केला, तो आजही त्या विषयाचा पायाभूत ग्रंथ समजला जातो. परक्या भाषेचें शास्त्र शिकतां शिकतां मनुष्यानें आपल्या मातृभाषेच्या मुळाशीं जाऊन पोंचावें, ही गोष्ट वरवर पाहतां विलक्षण वाटते. परंतु ती वाट मुळांत कोणीं पाडली व कशी पाडली हें कळलें म्हणजे तींतील विलक्षणपणा बराच कमी होतो.

ती वाट इंग्लंडांतील थोरल्या विद्यापीठांनीं आपण होऊन पाडली नाहीं, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचें म्हणजे अँग्लो-सॅक्सनचें एक अध्यासन १७९५ पासून होतें खरें. रिचर्ड रॉलिन्सन नांवाच्या एका पुराणवस्तुसंग्राहकाच्या मृत्युपत्रांतून तें निघालें होतें. पण त्या विषयाची पदवी नव्हती, आणि जेथें पदवी नाहीं तेथें विद्यार्थी कोठून येणार? लंडनचें नवें विद्यापीठ १८२८ सालीं सुरू झालें तेव्हां तेथें इंग्रजी भाषा व वाङ्मय यांसाठीं टॉमस डेल या धर्मोपदेशकाची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ऑक्सफर्ड व केंब्रिज मात्र ग्रीक आणि लॅटिन यांपलीकडे पाहावयास तयार नव्हतीं. इंग्रजी ही दाईच्या मांडीवर शिकावयाची भाषा, ती सभ्य गृहस्थाला विद्यापीठांत काय म्हणून शिकवावयाची, असा तेथील विद्वानांचा रोकडा सवाल असे. आपल्याकडेही मराठीसंबंधानें असाच सवाल पुष्कळ वर्षें केला जात असे, याची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

इंग्रजीच्या शास्त्राचा उगम शोधूं लागलें तर तो ऑक्सफर्डला सांपडत नाहीं. तो कलकत्त्यास सांपडतो. १७८६ च्या फेब्रुवारींत सर विल्यम जोन्स यांनीं तेथील एशियाटिक सोसायटीपुढें व्याख्यान देतांना संस्कृत, ग्रीक व लॅटिन या तीन भाषांचें साम्य इतकें निकट आहे कीं, त्या एखाद्या लुप्त झालेल्या मूळ भाषेपासून निघाल्या असल्या पाहिजेत, असा सिद्धांत मांडला. त्यानंतर युरोपांत या विचाराचें जणूं पीकच आलें. डेन्मार्कचे रॅस्मुस रास्क यांनीं १८१७ सालीं अँग्लो-सॅक्सनचें व्याकरण लिहिलें आणि पुढच्याच सालीं जर्मन वंशाच्या भाषांतील वर्णांचा ग्रीक-लॅटिनच्या वर्णांशीं नियमबद्ध संबंध दाखवून दिला. हे रास्क पुढें रशिया व इराण या मार्गानें खुष्कीचा प्रवास करीत मुंबईस आले आणि पारशी धर्माच्या जुन्या पोथ्या मिळवून त्यांनीं त्या कोपनहेगनला नेल्या. इंग्रजीच्या प्राचीन रूपाचा एक आद्य व्याकरणकार १८२० सालीं मुंबईच्या रस्त्यांतून अवेस्त्याच्या पोथ्या शोधीत हिंडत होता, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासांत क्वचितच नमूद झालेली आढळते.

१८२२ सालीं याकोब ग्रिम यांनीं आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तींत तो वर्णसंबंध व्यवस्थित सूत्रबद्ध केला. सूत्र समजावयास कठीण नाहीं. संस्कृत 'पितृ' आणि इंग्रजी 'फादर', 'पद' आणि 'फूट', येथें 'प' च्या जागीं 'फ' सारखा वर्ण आहे. 'त्रि' आणि 'थ्री', 'तृष्णा' आणि 'थर्स्ट', येथें 'त' च्या जागीं 'थ' सारखा. 'दश' आणि 'टेन', 'दंत' आणि 'टूथ', 'द्वि' आणि 'टू', येथें 'द' च्या जागीं 'ट'. सुट्या शब्दांचें साम्य ओढूनताणून कोणालाही दाखवितां येतें. त्याला शास्त्र म्हणत नाहींत. एकच पालट शेंकडों शब्दांत एकाच रीतीनें झालेला दिसला म्हणजे मग तर्काला आधार सांपडतो.

पण या सूत्राला अपवाद निघाले, आणि ते असे तसे नव्हते. जुन्या इंग्रजींत भावाच्या शब्दांत नियमाप्रमाणें 'थ' सारखा वर्ण आहे. बापाच्या व आईच्या शब्दांत मात्र त्या जागीं 'द' आहे. आजच्या इंग्रजींत 'ब्रदर', 'फादर', 'मदर' हे तीनही शब्द एका सांच्यांतून काढल्यासारखे दिसतात, कारण मागाहून ते एकसारखे झाले. परंतु जर्मन भाषेंत 'ब्रूडर' आणि 'फाटर' यांतील वर्णांचा भेद अद्यापि टिकून आहे. एकाच घरांतील तीन माणसें, संस्कृतांत त्या तिघांच्याही शब्दांत 'त', मग जुन्या इंग्रजीनें भावाला एक न्याय व आईबापांना दुसरा न्याय कां लावावा? पन्नास वर्षें या कोड्याचा उलगडा झाला नाहीं. शेवटीं कार्ल व्हेर्नर नांवाच्या एका तरुण डॅनिश पंडितानें तो केला. असें सांगतात कीं, एके दिवशीं दुपारी झोंप यावी म्हणून त्यानें बॉप यांचें तुलनात्मक व्याकरण हातीं घेतलें, आणि उघडलेल्या पानावर 'पिता' व 'भ्राता' हे शब्द स्वरचिन्हांसह त्याच्या डोळ्यांपुढें आले. वैदिक उच्चारांत 'भ्राता' या शब्दांत उदात्त स्वर पहिल्या अक्षरावर आहे. 'पिता' व 'माता' यांत तो शेवटच्या अक्षरावर आहे. बस्स, कोडें सुटलें! ज्या वर्णाच्या आधींचें अक्षर उदात्त होतें तेथें 'थ' राहिला, जेथें तें उदात्त नव्हतें तेथें त्याचा 'द' झाला. इंग्रजांच्या पूर्वजांनीं तो मूळ स्वर केव्हांच टाकून दिला होता. पण टाकण्यापूर्वीं त्या स्वरानें वर्णांवर आपला ठसा उमटविला होता. आणि तो स्वर हजारों वर्षें जशाचा तसा जपून ठेविला होता तो घनपाठी वैदिकांनीं, ज्यांना इंग्लंड कोणत्या दिशेस आहे हेंही ठाऊक नव्हतें.

व्हेर्नर यांचा हा लेख १८७७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सालीं हेन्री स्वीट यांचा ध्वनिशास्त्रावरील प्रबंध ऑक्सफर्डला बाहेर पडला, आणि त्याच सालीं मुंबईस रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषा यांवर विल्सन व्याख्यानमालेंतील आपलीं सुप्रसिद्ध व्याख्यानें दिलीं. तीन ठिकाणचीं हीं तीन माणसें एकाच शेताच्या निरनिराळ्या बांधांवर काम करीत होतीं.

या काळांत इंग्रजीचें शास्त्र शिकावयाचें तर इंग्रज मनुष्यास जर्मनीची वाट धरावी लागे. तेथें प्राध्यापक होते, अध्यासनें होतीं, पदव्या होत्या. इंग्लंडांत जें काम चालले होतें तें विद्यापीठाच्या भिंतींबाहेर, फावल्या वेळांत, पदरचें खर्चून. १८४२ सालीं लंडनमध्यें फिलॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. तिच्या चिटणिसाच्या जागेवर बसलेल्या फर्निव्हल या उत्साही वकिलानें जुनीं हस्तलिखितें छापण्यासाठीं १८६४ सालीं एक स्वतंत्र मंडळी काढली. इंग्रजीचा थोरला कोश करावयाचा संकल्प याच सोसायटीचा. १८७९ पासून त्याची संपादकी जेम्स मरे यांनीं पत्करली. मरे यांची शाळा वयाच्या १४ व्या वर्षीं सुटली होती. पुढें ते गांवच्या शाळेंत मास्तर झाले. आजारी पत्नीच्या प्रकृतीसाठीं लंडनला येऊन त्यांनीं चार्टर्ड बँक ऑफ इंडिया या पेढीवर कांहीं वर्षें कारकुनी केली. नंतर पुन्हां मास्तरकी. बागेंत उभारलेल्या पत्र्याच्या एका खोपटींत बसून, जगभरच्या वाचकांनीं पाठविलेल्या लक्षावधि चिठ्ठ्या लावीत, हा गृहस्थ कोश रचीत राहिला. १९१५ सालीं 'टी' या अक्षराचें काम चालू असतां त्यांना मृत्यु आला. १९२८ सालीं तो पूर्ण झाला तेव्हां त्यांत ४ लाखांहून अधिक शब्द व १८ लाखांहून अधिक अवतरणें होतीं.

स्वीट यांची कथा याहून कडू आहे. ऑक्सफर्डला त्यांना अंतिम परीक्षेंत चौथा वर्ग मिळाला, म्हणजे नापास होण्याच्या वरची पायरी. ज्याला चौथा वर्ग देण्यांत आला त्यानें तत्पूर्वींच आल्फ्रेड राजाच्या काळचा एक ग्रंथ संशोधून छापला होता, आणि तो पाहून जर्मन पंडितांनीं माना डोलावल्या होत्या! इंग्रजी वर्णांचा इतिहास त्यांनीं १८७४ सालीं लिहिला; १८७६ सालीं त्यांचें अँग्लो-सॅक्सन वाचनपुस्तक निघालें व तें पुढें पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हातीं राहिलें. १८८५ सालीं ऑक्सफर्डला इंग्रजी भाषा व वाङ्मय यांचें मर्टन अध्यासन निर्माण झालें, तेव्हां ही जागा स्वीट यांचीच, असें जाणत्यांना वाटलें. नेमणूक झाली ती गॉटिंगेनला शिकवीत असलेल्या आर्थर नेपियर यांची. १९०१ सालीं तुलनात्मक भाषाशास्त्राचें अध्यासन रिकामें झालें, तेंही स्वीट यांच्या वाट्यास आलें नाहीं; त्याऐवजीं ध्वनिशास्त्राचे व्याख्याते म्हणून एक दुय्यम जागा त्यांना देण्यांत आली. स्वभावानें ते तिखट होते, प्रतिपक्ष्याला टोंचल्याशिवाय त्यांचें वाक्य पुरें होत नसे, आणि विद्यापीठांना अशीं माणसें सोसवत नाहींत. १९१२ सालीं ते वारले. त्यानंतर बर्नार्ड शॉ यांनीं 'पिग्मॅलियन' नाटकाच्या प्रस्तावनेंत त्यांची आठवण काढली आणि नाटकांतील ध्वनिशास्त्रज्ञाच्या स्वभावांत स्वीट यांची छटा आहे असें मान्य केलें. मराठी प्रेक्षकांनीं पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' त जो प्राध्यापक पाहिला, त्याच्या रक्तांत अशा रीतीनें हेन्री स्वीट यांचा एखादा थेंब आहे.

जें अध्यासन १९०१ सालीं स्वीट यांना मिळालें नाहीं तें ज्यांना मिळालें त्यांच्याविषयीं मात्र असूया वाटण्याचें कारण नाहीं. जोसेफ राइट हा यॉर्कशायरमधील एका गरीब विणकऱ्याचा मुलगा. सहाव्या वर्षीं तो दगडाच्या खाणीवर गाढवाची गाडी हांकीत असे. पुढच्या वर्षीं सॉल्टेअरच्या गिरणींत भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या बसविण्याच्या कामावर लागला. १५ वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. फ्रान्स व प्रशिया यांच्यामधील १८७० च्या युद्धाच्या बातम्या सोबतीचे कामगार वर्तमानपत्रांतून वाचीत, त्या आपल्याला वाचतां येत नाहींत याची लाज वाटून तो लिहा-वाचावयास शिकला. मग रात्रीची शाळा. मग स्वतःच्या आईच्या झोंपडींत स्वतःचीच रात्रीची शाळा. गांठीस ४० पौंड जमल्यावर १८७६ सालीं तो शिकण्यासाठीं थेट हायडेलबर्गला गेला आणि पैसे सरल्यावर परत आला. मास्तरकी करीत पुन्हां पैसे जमवून पुन्हां गेला. १८८५ सालीं त्याच विद्यापीठाची डॉक्टर पदवी घेऊन राइट बाहेर पडले. गिरणींतल्या पोराचे असे प्राध्यापक झाले.

विद्वान झाल्यावर बहुतेक माणसें आपली गांवठी बोली आवरून धरतात. राइट यांनीं १८९२ सालीं ग्रंथ लिहिला तो आपल्या गांवच्या, विंडहिलच्या, बोलीच्या व्याकरणावर. जी भाषा शाळेंत बोलल्यास पोरांना छडी बसे, तिचे वर्ण किती नियमानें जुन्या इंग्रजीपासून उतरले आहेत हें त्यांनीं पानोपानीं दाखविलें. पुढें १८९८ ते १९०५ या काळांत इंग्रजीच्या बोलींचा सहा खंडांचा कोश त्यांनीं स्वतःच्या जबाबदारीवर छापून पुरा केला. त्यांची एक विद्यार्थिनी एलिझाबेथ ली ही पुढें त्यांची पत्नी झाली. जुन्या इंग्रजीचें व्याकरण दोघांनीं मिळून लिहिलें. आणखी एका विद्यार्थ्याचें नांव सांगितलें पाहिजे. जे. आर्. आर्. टोल्किन या नांवानें ज्यांच्या अद्भुत कादंबऱ्या आज जगभर वाचल्या जातात, ते मुळांत राइट यांच्या हाताखालीं तयार झालेले भाषाशास्त्री. थोरल्या कोशांत 'डब्ल्यू' च्या कांहीं शब्दांच्या व्युत्पत्त्या त्यांनीं लिहिल्या, आणि १९२५ सालीं ते ऑक्सफर्डचे अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक झाले.

पदवीचें भांडण याच सुमारास पेटलें. १८८५ च्या नेमणुकीनें भाषावाले स्वीट निराश झाले, तसेच वाङ्मयवालेही खवळले. कारण वाङ्मयाच्या नांवानें काढलेल्या जागेवर पुन्हां एक व्याकरणीच येऊन बसला होता. चर्टन कॉलिन्स यांनीं वृत्तपत्रांतून व मासिकांतून मोहीम उघडली. उलट बाजूस इतिहासाचे प्राध्यापक फ्रीमन १८८७ सालीं उभे राहिले. भाषेचा अभ्यास वगळून नुसतें वाङ्मय ठेवलें तर शेले कवीच्या घरगुती भानगडींवरील गप्पा एवढेंच तें शिक्षण उरेल, अशी त्यांनीं टर उडविली. परीक्षा घेतां येईल असें त्यांत आहे काय, हा त्यांचा खरा प्रश्न होता. आवडनिवडीची परीक्षा कशी घेणार? प्रत्ययांची घेतां येते. अखेर १८९४ सालीं ऑक्सफर्डला इंग्रजी भाषा आणि वाङ्मय यांची पदवी निघाली ती तडजोडीनें; दोन्हीं गोष्टी एका दावणीला बांधल्या गेल्या. पुढें कित्येक वर्षें भाषेच्या बाजूचे व वाङ्मयाच्या बाजूचे प्राध्यापक एकमेकांकडे पाठ करून बसले. केंब्रिजनें १९१७ सालीं, जर्मनीशीं युद्ध चालू असतां, वेगळा मार्ग काढला: अँग्लो-सॅक्सन सक्तीचें राहिलें नाहीं. जर्मन पद्धतीच्या विद्येविषयीं त्या दिवसांत जो तिटकारा पसरला होता त्याचाही या निर्णयास हातभार लागला. व्हेर्नरच्या सूत्राचा त्या युद्धांत काय अपराध होता हें मात्र कोणी सांगूं शकलें नसतें.

वाङ्मयवाल्यांची तक्रार अगदींच खोटी नव्हती. रुक्ष शिक्षकाच्या हातीं पडला तर हा विषय म्हणजे प्रत्ययांची घोकंपट्टी होऊन बसतो, आणि असे शिक्षक पुष्कळ होते. परंतु चांगला गुरु भेटला तर काय सांपडतें, याला एकच शब्द पुरे आहे. सरदार या अर्थाचा 'नाइट' हा शब्द लिहितांना इंग्रज आरंभीं 'के' लिहितो व मध्यें 'जी' आणि 'एच्' लिहितो. उच्चार करतांना तीनही गिळून टाकतो. शाळेंतल्या मराठी मुलाला हा निव्वळ चावटपणा वाटतो. वस्तुतः एके काळीं हा शब्द 'क्निह्त' असा कांहींसा उच्चारला जात असे, आणि त्याचा अर्थ मुलगा, चाकर असा होता. चाकराचा शिपाई झाला, शिपायाचा सरदार झाला. आरंभींचा 'क' लोपला, मधला 'ह' लोपला, आणि पंधराव्या शतकापासून इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकूं लागले त्यांत 'ई' चा 'आइ' झाला. छापखाना मात्र त्या सुमारासच आल्यामुळें लिपि जुन्या उच्चारापाशींच अडकून राहिली. इंग्रजी स्पेलिंग म्हणजे एका अर्थीं भिंतींत बसविलेला शिलालेख आहे. या स्वरांच्या महासंक्रमणाचें सविस्तर वर्णन करून त्याला नांव दिलें तें येस्पर्सेन यांनीं, तेही डेन्मार्कचेच.

हें सर्व भांडवल कलकत्त्याच्या त्या एम्. ए. च्या विद्यार्थ्यापुढें आलें. मनांत विचार सहजच उभा राहतो: आल्फ्रेड राजाच्या इंग्रजीपासून आजच्या इंग्रजीपर्यंत जर प्रत्येक वर्णाची वंशावळ लावतां येते, तर संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश अशा पायऱ्यांनीं उतरलेल्या बंगालीची कां लावतां येऊं नये? साधनें तर इकडेच अधिक होतीं. इंग्रजीच्या मागें हजार-बाराशें वर्षांचें लेखन; बंगालीच्या मागें वेदांपासूनची परंपरा. सुनीतिकुमारांनीं कांहीं वर्षें विद्यापीठांत इंग्रजीच शिकविली आणि मनांत बंगालीचें काम चालू ठेविलें. त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ति मिळाली. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्यानें आपल्या आईच्या नांवानें राजाबाई टॉवर उभारण्यास पैसा दिला, त्यानेंच १८६६ सालीं कलकत्ता विद्यापीठासही दोन लाख रुपये दिले होते. कापसाच्या सट्ट्यांतील तो पैसा अशा रीतीनें व्युत्पत्तिशास्त्राच्या कामीं आला. १९१९ सालीं ते लंडनला गेले. तेथें इंग्रजी ध्वनींचे अग्रगण्य ज्ञाते डॅनियल जोन्स यांच्यापाशीं ते ध्वनिशास्त्र शिकले. हेच जोन्स पुढें १९२६ सालीं बी. बी. सी. नें इंग्रजी उच्चारांविषयीं सल्ला देण्यासाठीं नेमलेल्या मंडळांत होते. निवेदकाच्या तोंडी कोणता उच्चार शोभेल याचा निर्णय ध्वनिशास्त्रज्ञाला विचारून करण्याची पाळी रेडिओमुळें आली.

१९२१ सालीं लंडन विद्यापीठाची डी. लिट्. पदवी घेऊन सुनीतिकुमार पॅरिसला गेले, आणि येथें या कथेला मराठी येऊन मिळते. पॅरिसला त्यांचे एक गुरु होते ज्यूल ब्लॉक. मराठी भाषा कशी घडत गेली यावरील ब्लॉक यांचा फ्रेंच ग्रंथ महायुद्धापूर्वींच तयार झाला होता व १९२० सालीं तो विद्वानांच्या हातीं आला. आधुनिक भारतीय भाषांपैकीं एकीचा असा साद्यंत शास्त्रीय इतिहास लिहिण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न. सुनीतिकुमारांनीं तो आपल्यापुढें आदर्श म्हणून ठेविला. बंगालीच्या इतिहासाला अशा रीतीनें दोन कित्ते मिळाले: एक इंग्रजीचा आणि दुसरा मराठीचा. मराठी वाचकांना मात्र ब्लॉक यांचें पुस्तक आपल्या भाषेंत वाचावयास १९४१ साल उजाडावें लागलें. त्या सालीं वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं केलेला त्याचा अनुवाद 'मराठी भाषेचा विकास' या नांवानें निघाला. ज्या उदात्त स्वरानें व्हेर्नर यांना इंग्रजीचें कोडें सोडवून दिलें, त्या स्वराचे अवशेष मराठी उच्चारांत सांपडतात काय, हा प्रश्नही याच काळांत राल्फ टर्नर यांनीं १९१६ च्या एका निबंधांत उपस्थित केला. सांपडतात, असें त्यांचें म्हणणें. त्यावर ब्लॉक यांच्यासारख्यांचा मतभेद झाला. टर्नर यांच्या हाताखालीं लंडनला शिकलेले सुमित्र मंगेश कत्रे यांनीं पुढें कोंकणीच्या घडणीचा इतिहास लिहिला आणि १९३९ सालीं पुनः सुरू झालेल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत भाषाशास्त्राची परंपरा उभी केली.

इंग्रजीच्या अभ्यासाचा मोहरा मध्यंतरीं पालटला. पूर्वीं शब्द कोठून आला हें विचारीत. आतां तो आज कसा चालतो हें विचारूं लागले. लाहोरच्या विद्यापीठांत १९२८ पर्यंत इंग्रजीचे प्राध्यापक असलेले जे. आर्. फर्थ यांना १९४४ सालीं लंडनला सामान्य भाषाशास्त्राचें अध्यासन मिळालें. त्या देशांतील त्या विषयाचें तें पहिलेंच. भारतांत १९५८ सालीं हैदराबादेस इंग्रजीच्या शिक्षकांना शिकविण्यासाठीं केंद्रीय संस्था निघाली, आणि उच्चार, वाक्यरचना यांचें पद्धतशीर शिक्षण देशी शिक्षकांना घरच्याघरीं मिळूं लागलें. २००७ पासून तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा आहे. आपल्या बहुतेक विद्यापीठांत मात्र इंग्रजीच्या एम्. ए. मध्यें भाषेची एखादी प्रश्नपत्रिका वाङ्मयाच्या पंगतीला लोणच्यासारखी वाढलेली असते, आणि ती उत्तीर्ण होण्यापुरती उरकून टाकण्याकडे विद्यार्थ्यांचा कल असतो. त्यांत दोष त्यांचा एकट्यांचा नाहीं. 'नाइट' चा इतिहास सांगणारा गुरु सर्वांनाच भेटतो असें नाहीं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत रॅन्डॉल्फ क्वर्क यांनीं १९६० च्या सुमारास मांडलेलें काम पाहिलें तर मरे यांची खोपटी पुन्हां आठवते. १९५९ सालीं डरहॅम येथें आरंभ करून त्यांनीं चालू इंग्रजीचे २०० नमुने गोळा करावयाचें ठरविलें, प्रत्येकीं ५,००० शब्दांचे, म्हणजे एकंदर १० लाख शब्द. व्याकरणकार आजवर ग्रंथांतील वाक्यें उचलीत आले होते. क्वर्क यांच्या संग्रहांत निम्मे नमुने लेखी व निम्मे तोंडीं होते: व्याख्यानें, भाषणें, आणि साधीं घरगुती संभाषणेंसुद्धां, ध्वनिफितीवर घेऊन आघात व आरोह-अवरोह यांसह कागदावर उतरविलेलीं. प्रत्येक रचनेसाठीं वेगळी चिठ्ठी, चिठ्ठ्यांसाठीं कपाटें. या कपाटांतून १९७२ सालीं एक व आणखी विस्तृत असें दुसरें १९८५ सालीं, अशीं दोन थोरलीं व्याकरणें निघालीं. आणि तोंडी नमुन्यांचा भाग स्वीडनमधील लुंड येथें यान स्वार्टव्हिक यांनीं संगणकावर चढविला, तेव्हांपासून तो कोणत्याही देशांतील विद्यार्थ्यास वापरतां येऊं लागला.